सकाळी जाऊन सांजेला परतणाऱ्यांसाठी आपली जुनी गावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या की वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांवर कोकणातले किनारे, महाबळेश्वर, हिमाचल, केरळ अशा सहलींचे लेख आणि जाहिराती येऊ लागतात. ते लेख मी आवडीने वाचते. परंतु ज्याच्या घरी दोन-चार गुरे आहेत, ज्याचे सोयाबीन नुकतेच घरात आले आहे, कपाशीची वेचणी चालू आहे आणि हरभऱ्याच्या पेरणीची घाई आहे, अशा बुलढाणा, वाशिम, अकोला किंवा यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातील कुटुंबाने आपल्या मुलाबाळांना घेऊन सुट्टीत जावे तरी कुठे, याचा विचार त्या पानांवर फारसा होत नाही. मी मेहकर तालुक्यातील एका खेड्यात राहणारी, शेती करणारी बाई आहे. आमच्यासारख्या कुटुंबांच्या वतीने आपल्या वृत्तपत्राद्वारे काही गोष्टी एसटी महामंडळ, नगरपालिका, पुरातत्त्व विभाग आणि आपले वाचक यांच्यापुढे मांडाव्यात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे एकच आहे. विदर्भातील जुनी, इतिहास सांगणारी लहान गावे पाहायला येणारा सर्वांत मोठा आणि सर्वांत हक्काचा पाहुणा पुण्या-मुंबईचा नाही, तर शेजारच्या तालुक्यातून सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळच्या एसटीने घरी परतणारे कुटुंब आहे, आणि या गावांसाठी कोणतीही योजना आखताना तेच कुटुंब आधी डोळ्यांपुढे असले पाहिजे. पर्यटन विकास म्हटले की आपल्याकडे निवासस्थाने, विश्रामगृहे, बोटिंग, प्रकाशझोत आणि मोठमोठ्या कमानी यांचीच चर्चा होते. त्यांतले काहीही आम्हाला नको असे मी म्हणत नाही. मात्र एका दिवसात येऊन जाणाऱ्या बाईला, म्हाताऱ्या माणसाला आणि शाळकरी पोराला ज्या चार गोष्टी लागतात, त्या या चर्चेत कुठेच नसतात.

आम्ही मुक्कामी सहलीला का जात नाही, हे शहरातील वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. पैशाची ओढाताण असतेच, पण ती एकटीच अडचण नव्हे. दावणीला बांधलेल्या जनावराला दोन वेळ चारापाणी लागते आणि दुभती गाय किंवा म्हैस सकाळ-संध्याकाळ पिळावीच लागते. एक वेळ शेजाऱ्यावर सोपवता येते, दोन दिवस सोपवता येत नाही. रब्बीत ओलीत करायचे तर थ्री-फेज लाइन कधी दिवसा येते, कधी रात्री, आणि ती येईल तेव्हा घरातला एक माणूस मोटरीपाशी हवाच. म्हणून सकाळची धार काढून, शेणपाणी उरकून, भाकरी बांधून निघायचे आणि रात्रीच्या धारेच्या आत नाहीतर थोडे उशिरा घरी यायचे, एवढाच प्रवास आम्हाला जमतो. या मर्यादेत राहूनही किती पाहता येते, हे मला लग्न होऊन या तालुक्यात आल्यावर हळूहळू कळत गेले.

आमच्या मेहकरातच पैनगंगेच्या काठी शारंगधर बालाजीचे मंदिर आहे. १८८८ साली सापडलेली काळ्या पाषाणाची ती उंचच उंच मूर्ती पाहायला दूरदूरचे लोक येतात. त्याच गावात कंचनीच्या महालाचे अवशेष आहेत, आणि त्या महालावरून लोणारच्या देवळातला दिवा दिसत असे, अशी कथा जुनी माणसे सांगतात. लोणार येथून तासाभराच्या आत आहे. सिंदखेड राजा त्याहून थोडे लांब, पण तेही दिवसाच्या येण्याजाण्यात बसते. सिंदखेडच्याच तालुक्यात साखरखेर्डा आहे, जिथे १७२४ साली निजाम-उल-मुल्काने मोगल सुभेदार मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनेतल्या आसफजाही राज्याचा पाया घातला. हैदराबादच्या निजामशाहीचा आरंभ आमच्या शिवाराला लागून असलेल्या एका गावात झाला, ही गोष्ट माझ्या मुलांना शाळेत कोणी सांगितलेली नव्हती, आणि मलाही ती फार उशिरा कळली.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सिंदखेड राजाला गेलो. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचे भव्य प्रवेशद्वार आजही असे उभे आहे की त्याखाली थांबलेला माणूस आपोआप वर पाहतो. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म याच वाड्यात झाला, हे मुलांना पाठ असते. परंतु पाठ असणे वेगळे आणि त्या जोत्यावर उभे राहून त्या दगडांना हात लावणे वेगळे. लखुजीरावांची दगडी समाधी गावातच आहे. १६२९ मध्ये दौलताबादेला अहमदनगरच्या निजामशाहीच्या दरबारात त्यांना मुलांसह आणि नातवासह दगा करून मारण्यात आले, हे माझ्या सासूबाईंनी तिथल्या सावलीत बसून नातवंडांना सांगितले तेव्हा धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने विचारले, ‘मग जिजाऊंना माहेरच उरलं नाही का?’ वर्गात या प्रश्नाला जागा मिळाली नसती. पुढे आम्ही मोती तलावाच्या बांधावरून चालत गेलो, पुतळा बारवेच्या भिंतींतील मूर्ती पाहिल्या, रंगमहालापाशी थांबलो. जन्मोत्सवाच्या दिवशी या गावात पाय ठेवायला जागा नसते. पण वर्षातल्या इतर दिवशी, विशेषतः रविवारी, तिथे मोकळेपणी फिरता येते, आणि माझ्या मते कुटुंबाने जायचे ते याच दिवसांत.

लोणारविषयी थोडे अधिक लिहिते, कारण तिथे जाणारे बहुतेक लोक सरोवर पाहून परत फिरतात. उल्कापाताने काळ्या बेसाल्ट खडकात तयार झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर, त्यातले खारे पाणी, २०२० च्या जून महिन्यात त्या पाण्याला आलेला गुलाबी रंग आणि त्याच वर्षी रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झालेला सरोवराचा समावेश, हे सगळे वर्तमानपत्रांतून सर्वांना माहीत झाले आहे. तथापि वस्तीच्या आत, घरांच्या शेजारी, दैत्यसूदनाचे मंदिर आहे. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचे हे देऊळ बाहेरून पाहिले तर त्याच्या भिंती कोनाकोनांनी मागेपुढे होत जातात आणि प्रत्येक कोनावर मूर्ती आहेत. पण खरे पाहण्यासारखे आहे ते आतले छत. आत गेल्यावर प्रथम काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की मग वरचे कोरीवकाम एकेक करून उलगडू लागते. माझी मुलगी मान दुखू लागली म्हणून थेट फरशीवर पाठ टेकून आडवी झाली आणि मोबाइलच्या उजेडात बोट दाखवून आजीला विचारू लागली. अक्षरओळख नसलेल्या माझ्या सासूबाईंनी नृसिंह ओळखला, हिरण्यकशिपू ओळखला, कंसवध ओळखला. आयुष्यभर ऐकलेल्या कीर्तनांतून आणि पोथ्यांतून त्यांना ते सारे प्रसंग माहीत होते. त्या दिवशी आमच्या घरातली सर्वांत जाणती व्यक्ती त्या होत्या. आजी, आई आणि नातवंडे अशा तीन पिढ्यांनी एकत्र जाण्याचे मोल मला तिथे जेवढे कळले तेवढे अन्यत्र कळले नाही, आणि म्हणूनच या गावांत म्हाताऱ्या माणसांची सोय व्हावी असा माझा एवढा आग्रह आहे.

आता गैरसोयींकडे वळते. या भागातल्या एका ऐतिहासिक गावी (त्याचे नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच स्थिती पुष्कळ ठिकाणी आहे) स्त्रियांसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि ज्याच्याकडे किल्ली होती तो माणूस रविवार असल्याने आलेला नव्हता. सहलीला येणारे लोक रविवारीच येतात, ही साधी गोष्ट ते कुलूप लावणाऱ्याच्या ध्यानात आली नसेल काय? शेवटी एका घरच्या बाईने आम्हाला आत बोलावले आणि पाणीही दिले. तिचे उपकार मी विसरणार नाही. परंतु प्रत्येक वेळी कोणाच्या तरी दारात उभे राहण्याची पाळी बायांवर येऊ नये. सहलीला निघालेल्या बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे आणि ती लिहिताना मला संकोच वाटत नाही. सासूबाईंच्या वयाच्या बाईला मधुमेह असला तर तिच्यासाठी हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. नगरपालिकेने सुशोभीकरणाच्या कामांआधी एक स्वच्छ, पाणी असलेले, रविवारी उघडे राहणारे स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याची एक टाकी आणि भाकर सोडून बसता येईल अशी एक झाडाखालची जागा एवढे केले, तर त्या गावात येणाऱ्या कुटुंबांची संख्या आपोआप वाढेल, असे मी अनुभवाने सांगते.

दुसरी गोष्ट फलकांची. केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित स्मारकापाशी निळा फलक असतो. १९५८ च्या कायद्यान्वये हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे घोषित झाले असून त्याची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, असे त्यावर लिहिलेले असते. तो फलक आवश्यकच आहे आणि तो तिथे राहिलाच पाहिजे. मात्र अनेक ठिकाणी वाचण्याजोगा फलक तेवढा एकच असतो. समोरची इमारत कोणी बांधली, केव्हा बांधली, कशासाठी बांधली, तिच्याकडे कोणत्या बाजूने पाहावे, भिंतीवर दिसणारी ही मूर्ती कोणाची, यातले काहीही सातवीतल्या मुलाला समजेल अशा मराठीत लिहिलेले सापडत नाही. जिथे माहितीचा फलक आहे तिथे तो उन्हाने पांढरा पडलेला असतो, किंवा त्याची भाषा अशी असते की पदवीधर माणसालाही दोनदा वाचावी लागते. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने आणि केंद्रीय विभागाने आपल्याच विद्यापीठांतील प्राध्यापकांकडून आणि गावातील जाणत्या शिक्षकांकडून साध्या मराठीत मजकूर लिहून घ्यावा व मोठ्या अक्षरांत लावावा. त्याला फार पैसा लागत नाही. फलकावर गावाचा एक छोटा नकाशाही असावा, कारण या गावांतील स्मारके एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असूनही परक्या माणसाला ती सापडत नाहीत.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट एसटीची. लालपरी ही आमच्यासाठी आजही प्रवासाचे मुख्य साधन आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. या दोन निर्णयांनी आमच्या घराची सहल खरोखर शक्य केली: सासूबाईंचे तिकीट लागत नाही, माझे आणि मुलीचे अर्धे, मुलाचेही वयामुळे अर्धे. शासनाने जे दिले ते मान्य केलेच पाहिजे. आता अडचण भाड्याची राहिली नसून वेळेची राहिली आहे. जाताना गाडी मिळते. परतीची गाडी किती वाजता, ती रविवारी असते की नाही, शाळेच्या सुट्टीत ती फेरी रद्द तर होत नाही, हे स्टँडवरच्या वेळापत्रकावरून कळत नाही, कारण ते कधीकाळी रंगवलेले असते आणि मधल्या काळात गाड्या बदललेल्या असतात. शेवटची गाडी गेली तर काळी-पिवळीवाला दुप्पट मागतो आणि अंधारात पोरीबाळींना घेऊन तसे बसायलाही मन घेत नाही. या भीतीपोटी पुष्कळ कुटुंबे निघतच नाहीत, किंवा निघाली तरी दुपारी दोनलाच परत फिरतात.

माझी विभाग नियंत्रकांना विनंती आहे की दिवाळीपासून माघ महिन्यापर्यंत, म्हणजे ऊन बेताचे असते आणि शेतातली घाई थोडी कमी असते त्या काळात, दर रविवारी ठरावीक आगारांतून अशी एक गाडी सोडावी जी सकाळी निघून दोन गावे दाखवील आणि सांजेला परत आणून सोडील. मेहकर आगारातून निघून सिंदखेड राजा आणि लोणार अशी फेरी करणे अवघड नाही. अकोल्याहून बाळापूर आणि पातूर, अमरावतीहून रिद्धपूर आणि अचलपूर, नागपूरहून नगरधन आणि रामटेक, भंडाऱ्याहून पवनी अशा जोड्या लावता येतील. चैत्र-वैशाखात मात्र आमच्याकडच्या उन्हात म्हातारी माणसे आणि मुले घेऊन दगडी किल्ल्यांत फिरणे धोक्याचे आहे. तेव्हा या गाड्या नसल्या तरी चालेल.

या निमित्ताने समृद्धी महामार्गाविषयीही लिहावेसे वाटते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आमच्या तालुक्यातून, लोणार आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो. त्याने मोठ्या शहरांतली अंतरे कमी झाली हे खरे. परंतु त्यावर दुचाकीला, ऑटोला आणि ट्रॅक्टरला परवानगी नाही, आणि आमच्याकडे वाहन म्हणून बहुतेकांच्या दारात असते ती मोटारसायकलच. ताशी १२० किलोमीटरने जाणाऱ्या गाड्यांतील माणसांना वाटेत थांबून सिंदखेड राजा पाहावेसे वाटावे, यासाठी त्या रस्त्यावर ठळक फलक जरूर लावावेत. पण आमचे जुने रस्ते, ज्यांवरून एसटी आणि मोटारसायकली जातात, त्यांचे खड्डे बुजवण्याचे काम त्यामुळे मागे पडू नये.

गावांची नावे मी वर भराभर लिहिली, त्यांपैकी एकदोघांविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीच्या काळापासून नांदते गाजते शहर. १४९० च्या सुमारास फतहुल्ला इमाद-उल-मुल्काने बहमनी राज्यातून वेगळे होऊन वऱ्हाडची ही शाही उभी केली आणि १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. तिथला हौज कटोरा, गोल तलावाच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी मनोरा, आज वरचे मजले ढासळलेल्या स्थितीतही पाहणाऱ्याला खिळवून ठेवतो. चिखलदऱ्याला जाणारी शेकडो कुटुंबे परतवाड्याच्या चौकात चहा घेतात आणि घाटाकडे निघून जातात. तिथून जवळच असलेला हौज कटोरा आणि दुल्हा दरवाजा त्यांना कोणी सुचवत नाही. तीच गोष्ट वर नाव न आलेल्या, वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याची. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून गुरुमंदिरात भाविकांची रीघ असते, पण दर्शन घेऊन मंडळी थेट स्टँडवर जातात. ज्या गावाची श्रीमंती एवढी होती की १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने वऱ्हाडात येऊन ते लुटले, त्या गावाच्या वेशी आजही उभ्या आहेत आणि तिथल्या जैन मंदिरातील लाकडावरचे कोरीवकाम पाहिले म्हणजे जुन्या सुतारांच्या हाताविषयी आदर वाटतो. दर्शनाला आलेल्या माणसाला आणखी दोन तास गावात फिरवणे, एवढेच करायचे आहे.

रिद्धपूरला तर प्रत्येक मराठी माणसाने एकदा मुलांना घेऊन जावे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांचे हे गाव. इथेच तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र करून लिहिल्या आणि ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ तयार झाला. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही आले आहे. पूर्वेकडे वैनगंगेच्या काठी पवनी आहे, जिथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले आणि जिथला जुना परकोट व नदीवरचे घाट अजून पाहायला मिळतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, नाटके होतात, लेकी-जावई आणि पाहुणे येतात. त्या पाहुण्यांना एक दिवस पवनीला किंवा मार्कंड्याच्या जुन्या देवळांना नेण्याची पद्धत पडली तर किती चांगले होईल.

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग, ज्याला सगळे शकुंतला म्हणतात, वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रज कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी घातला. १९९४ पर्यंत त्यावर वाफेचे इंजिन धावत होते. आज गाडी बंद आहे. मार्गाचे रुंदीकरण व्हावे ही लोकांची मागणी रास्त आहे, कारण आम्हाला आधी प्रवासाची गाडी हवी. परंतु ते होताना जुन्या स्थानकांपैकी एखादे तरी जसेच्या तसे राखून ठेवावे, म्हणजे आपल्या आजोबांचा कापूस कोणत्या वाटेने गेला हे मुलांना दाखवता येईल.

सरकारकडे मागण्या करताना आपण स्वतः काय करतो, हेही लिहिले पाहिजे. चंद्रपुरात २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी गोंडकालीन परकोटावर वाढलेली झाडेझुडपे आणि साचलेला कचरा श्रमदानाने काढला, तेव्हा कुठे शहरवासीयांना आपल्याच भिंती नव्याने दिसल्या. त्यांनी कोणाच्या निधीची वाट पाहिली नाही. आपल्याकडे मात्र सिंदखेडच्या बारवेत आणि लोणारच्या ‘धार’ नावाच्या झऱ्यापाशी पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या आमच्यासारखेच सहलीला आलेले लोक टाकतात, आणि राजवाड्याच्या दगडावर खिळ्याने नावे कोरणारी पोरेही आपल्याच घरची असतात. गाडगेबाबांचा वऱ्हाड म्हणवून घेणाऱ्या आपणांस हे शोभत नाही. आम्ही निघताना शिदोरीबरोबर एक रिकामी थैली घेतो आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत आणतो. मुलांना याची सवय लागायला वेळ लागला नाही.

वाटाड्यांचाही विचार व्हावा. ज्या गावात महाविद्यालय आहे तिथल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना रविवारी चार तास स्मारकापाशी उभे केले, त्यांना त्या गावाचा नीट इतिहास आधी शिकवला, तर येणाऱ्या कुटुंबांना माहिती मिळेल आणि त्या मुलांना दोन पैसेही मिळतील. मात्र सांगणाऱ्याने खरे तेच सांगावे. दंतकथा जरूर सांगाव्यात, पण ‘लोक असे सांगतात’ असे म्हणून सांगाव्यात. आमच्या मुलांना कथा आणि इतिहास यांतला फरक कळतो, फक्त तो त्यांना दाखवावा लागतो. शाळांच्या सहलींबाबतही हेच म्हणणे आहे. एसटी शाळांच्या सहलींना सवलत देते, तरीही कित्येक शाळा मुलांना पाण्याच्या घसरगुंड्यांच्या उद्यानात नेऊन आणतात. मुलांनी खेळावे, पण तालुक्यातल्या तालुक्यात असलेला राजवाडा दहावी होईपर्यंत ज्याने पाहिला नाही, असे मूल कोणत्याही शाळेत नसावे.

शेवटी आपल्याकडे एक मागणे आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळी ते होळी या काळात दर आठवड्याला विदर्भातील एका जुन्या गावाची माहिती छापावी. त्यात इतिहासाबरोबर त्या गावाला कोणत्या आगारातून किती वाजता एसटी जाते, परतीची शेवटची गाडी कधी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते रविवारी उघडे असते का, पिण्याचे पाणी कुठे मिळते, म्हाताऱ्या माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागतात, एवढे तपशील अवश्य द्यावेत. आपले वार्ताहर प्रत्येक तालुक्याला आहेत; त्यांना हे सहज कळेल, आणि एखाद्या गावी कुलूप लागलेले आढळले तर तेही छापावे. मेहकर, लोणार आणि सिंदखेड राजा या तीन गावांपुरती ही माहिती गोळा करून आपल्या कार्यालयाकडे पाठवण्याची तयारी आमच्या बचत गटातील आम्ही काही जणींनी ठेवली आहे. कृपया कळवावे.

आपली नियमित वाचक,
एक शेतकरी महिला,
ता. मेहकर, जि. बुलढाणा